स्टेजला उजेड, मैदानाला अंधार

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात एका वाचकाने याच सदरात लिहिलं होतं की गावोगावच्या कबड्डी स्पर्धांचे फोटो पेपरात कायम हललेले नाहीतर काळपट येतात, आता मोबाईलवर चंद्राचेसुद्धा फोटो निघतात मग तुमच्या फोटोग्राफरना झालंय काय. त्यातला एखादा फोटो माझाच असणार, म्हणून म्हटलं उत्तर द्यावं. लग्नाच्या ऑर्डरी सांभाळून गेली बारा-तेरा वर्षं मी थंडीत रात्रीचे कबड्डीचे सामने काढतोय, पैसे फारसे मिळत नाहीत, नाद आहे.

आधी चंद्राचं सांगतो. चंद्रावर सूर्याचं लख्ख ऊन पडलेलं असतं आणि तो बोनस (समोरच्या बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा गुण) मारून मध्यरेषेकडे पळत नाही. आमचा चढाईपटू पळतो. तीस सेकंदांची चढाई, त्यातली पंचवीस सेकंद तो नुसता डाव्या-उजव्या कोपऱ्याचा अंदाज घेत फिरत असतो आणि मग अचानक पाय टाकतो, कोपऱ्यातला पोरगा घोट्याला झडप घालतो, बाकीचे चार अंगावर कोसळतात, संपलं. एवढ्यात तो हात, तो घोटा, ते चेहरे थिजवायचे तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवायला लागतं, म्हणजे उजेड आत यायला तेवढाच वेळ. मग लेन्सचं तोंड मोठं लागतं. माझ्याकडे ७०-२०० एफ २.८ लेन्स आहे (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं), सेकंडहँड, वजन दीड किलोच्या आसपास (घेतली तेव्हा बायको म्हणाली एवढ्यात स्कूटी आली असती, खरंच आली असती). आपल्याकडच्या बहुतेक पोरांकडे मात्र कॅमेऱ्यासोबत आलेली ५५-२५० असते, ती पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर जाते, म्हणजे चौपट कमी उजेड. मला जिथे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ६४०० पुरतो तिथे त्याला २५६०० वर न्यावा लागतो, आणि जुन्या बॉडीवर २५६०० म्हणजे चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं. दुकानदार सांगतो लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे, काळजी नको. अहो, तो आपला हात हलला तर सांभाळतो, समोरचा खेळाडू हलला तर तो काय करणार.

त्या पोरांना मी एवढंच सांगतो की शटर पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणा आणि बोनसच्या उडीची वाट बघा. उडी मारलेला माणूस सगळ्यात वर पोचला की क्षणभर जवळजवळ थांबतो, तेव्हा पाचशेलाही फोटो स्वच्छ निघतो. आणि अंतिम रेषेमागे मधोमध बसू नका, पकड झाली की चढाईपटू मध्यरेषेकडे तोंड करून हात ताणतो, तुमच्या वाट्याला त्याची पाठ येते. बाजूला, मध्यरेषेच्या जरा पलीकडे बसायचं, पंचांच्या वाटेत न येता.

पण हे सगळं करूनही फोटो वाया जातात आणि माझं खरं भांडण इथे आहे. मंडळं खर्च करत नाहीत असं नाही. स्टेजवर पाहुण्यांच्या डोक्यावर रंगीत शार्पी (झोत फिरवणारे दिवे), डीजे, मागे एलईडी स्क्रीन, आणि मॅटवर काय, तर चार कोपऱ्यांत बारा-पंधरा फुटांच्या बांबूंना बांधलेले फ्लड, तेही आडवे. तो उजेड सरळ खेळाडूच्या डोळ्यात आणि माझ्या लेन्समध्ये घुसतो, समोरच्या टोकाचा सगळा चेहरा काळा. एका बाजूला पांढरे एलईडी, दुसऱ्या बाजूला जुने पिवळे हॅलोजन, त्यामुळे एकाच चढाईत अर्धा खेळाडू कावीळ झाल्यासारखा.

त्यात फ्लिकर. आपली लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला कळत नाही, हजाराव्या भागाला बरोबर कळतं. सलग दहा फोटो काढले तर चार उजळ, चार मळकट आणि दोनांत मधोमध काळा पट्टा. हल्ली काही कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर असतं, ते उजेड चढेपर्यंत शटर रोखून धरतं, पण सगळे दिवे एका सुरात असतील तरच त्याचा उपयोग, चार दुकानांतून चार तऱ्हेचे आणलेले असले तर तेही गोंधळतं.

यावर उपाय फार महाग नाही. खांब उंच करा, दिवे मॅटच्या लांबीच्या दोन्ही बाजूंनी आणि खाली झुकवून लावा, टोकांच्या मागे नको. थ्री फेज असेल तर वायरमनला सांगून शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर टाका, एकाचा उजेड उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढलेला असतो. दिवे भाड्याने आणायच्या आधी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये त्यांचा व्हिडिओ काढून बघा, स्क्रीनवर लुकलुकले तर तो माल परत. आणि सामना चालू असताना शार्पी बंद ठेवा, निळ्या उजेडात जांभळी जर्सी कुठल्या संघाची तेच समजत नाही. फ्लॅश मारा म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, दम धरून समोर सात जण अंगावर घेणाऱ्याच्या डोळ्यात फ्लॅश मारायचा नसतो.

एवढं सगळं फोटोसाठी कशाला, असं कोणी म्हणेल. मागच्या हिवाळ्यात एक मुलगी सामना संपल्यावर माझ्याकडे आली, एका चढाईत तिघींना बाद करून आलेली, गुडघा सोललेला. म्हणाली, काका, तो फोटो पेपरात येईल का, पोलीस भरतीच्या फाईलला कात्रण लावायचंय. मी कॅमेऱ्यावर दाखवला. तिघी स्पष्ट, रेषेवर टेकलेला तिचा हात स्पष्ट, आणि तिचा चेहरा त्या काळ्या पट्ट्यात. तिने झूम करून बघितलं, म्हणाली, हात माझाच आहे पण कोण ओळखणार.

आता मोसम सुरू होतोय. आमच्या भागातल्या कुठल्याही मंडळाने सामन्याच्या आदल्या संध्याकाळी बोलवावं, मी येतो, दिवे कसे फिरवायचे ते मॅटवर उभा राहून दाखवतो, पैसे नकोत. वायरमन आणि उंच शिडी तेवढी तुमची.

आपला वाचक,
एक फोटोग्राफर, सांगली जिल्हा