कोर्ट झाडणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. नगरमध्ये ज्यांच्या मुली तुमच्या हाताखाली बास्केटबॉल खेळल्या, ते ओळखतीलच.

मुलीला तुमच्याकडे पाठवायचं ठरलं तेव्हा आमच्या नात्यात कुजबुज झाली होती. "सर ख्रिस्ती आहेत, पोरीला चर्चमध्ये नेतील." अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचं काम नगरमध्ये 1831 मध्ये सुरू झालं. इतक्या पिढ्या शेजारी राहूनही लोक असं बोलतात, याचं वाईट वाटतं. त्या सगळ्यांना मला सांगायचंय की सरांनी कोर्टवर कधी धर्म सांगितला नाही, पण त्यांची श्रद्धा वजा केली तर त्यांचं कोचिंग उरतच नाही.

सकाळी मुली यायच्या आधी तुम्ही कोर्ट झाडत असायचात. सिमेंटवर बारीक कच साचली की वळताना पाय सरकतो आणि गुडघा जातो, हे मला तुमच्याकडूनच कळलं. हातात खराटा, गळ्यात शिट्टी, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. एका पालकांनी न राहवून विचारलं, "सर, हे काम शिपायाला सांगा ना." तुम्ही हसून दुसरा खराटा त्यांच्यापुढे केलात आणि त्यांनी खरंच अर्धं कोर्ट झाडलं! शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने गुरू असूनही शिष्यांचे पाय धुतले, हे मला नंतर तुमच्या घरच्यांकडून कळलं. तुम्ही स्वतः ते कधी बोलला नाहीत.

पावसाळ्यात कोर्ट ओलं असलं की व्हरांड्यात गोष्टी व्हायच्या. हा खेळ 1891 मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जन्मला. जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकून खेळाच्या मैदानाकडे वळलेला शिक्षक. हिवाळ्यात बंद हॉलमध्ये खेळता येईल आणि धसमुसळेपणा होणार नाही असा खेळ त्याला हवा होता. म्हणून चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, खांदा मारायचा नाही, आणि पीचच्या टोपल्या डोक्यापेक्षा उंच टांगलेल्या, म्हणजे नुसत्या ताकदीला किंमत नाही. नियम फक्त 13. "समोरच्याला न पाडता जिंकता यावं म्हणून हा खेळ काढलाय," असं तुम्ही सांगायचात. म्हणूनच आपल्या टीममधल्या मुलीने फाऊल केला की पडलेल्या मुलीला हात देऊन उठवायचं आणि मगच जागेवर जायचं, हा तुमचा चौदावा नियम.

एकदा महत्त्वाची मॅच नेमकी रविवारी सकाळी लागली. तुम्ही आदल्या संध्याकाळी सगळी तयारी करून घेतलीत, टीमची सूत्रं मॅडमच्या ताब्यात दिलीत आणि मुलींना म्हणालात, "उपासना माझी आहे, मॅच तुमची आहे. तुम्ही खेळायचं." उपासना आटोपून स्कूटरवर आलात तेव्हा तिसरा क्वार्टर चालू होता. मुलींनी मग धावपटू एरिक लिडेलची गोष्ट शोधून काढली. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने रविवारी हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, होती म्हणून 100 मीटर सोडली आणि 400 मीटरचं सुवर्ण जिंकलं. तुम्हाला ती फारशी मानवली नाही. "पदक मिळालं नसतं तरी त्याचं बरोबरच होतं. तो पुढे चीनमध्ये मिशनरी म्हणून राबला आणि 1945 मध्ये जपान्यांच्या छावणीत वारला, तेही सांगा."

आणि जी श्रद्धा स्वतःसाठी इतकी कडक, ती दुसऱ्यांच्या बाबतीत किती मऊ होती! रमजानमध्ये टीममधल्या मुस्लिम मुलींना रोजा असायचा. तेव्हा धावण्याचे ड्रिल बंद, सगळ्यांनाच फक्त फ्री थ्रो, म्हणजे एका जागी उभं राहून बास्केटमध्ये चेंडू टाकायचा. नवरात्रात उपास करणाऱ्यांनाही तीच सवलत. मॅचआधी मिनिटभर शांत उभं राहायचं, ज्याने त्याने आपल्या देवाला आठवायचं, पण जिंकण्यासाठी काही मागायचं नाही. "समोरच्या टीमलाही देव आहे," म्हणायचात. कोणाला लागू नये, एवढंच मागायचं.

सगळ्यात जास्त आभार मात्र एका मुलीसाठी मानायचे आहेत, जी माझी नाही. ती अचानक यायची बंद झाली. स्पर्धा तोंडावर होती आणि ती काही स्टार खेळाडू नव्हती. तरी प्रॅक्टिस मोठ्या मुलींवर सोपवून तुम्ही तिच्या घरी गेलात. वडिलांचं काम सुटलेलं, बूट फाटलेले, आणि हे सांगायची लाज. तुम्ही तिला परत आणलंत, पण बूट कुठून आले ते टीममध्ये कोणालाच कळू दिलं नाहीत. मला तिच्या आईने सांगितलं, म्हणून माहीत. पहिल्या हाफमध्ये प्रत्येकीला खेळवायचंच, या तुमच्या हट्टापायी आपण काही मॅच हरलो आणि पालक चिडले. मी तेव्हाही तुमच्या बाजूने होते, आजही आहे.

मानधनाचं पाकीट तुम्ही दर वेळी परत केलंत. म्हणून आम्ही पालकांनी मिळून दोन्ही रिंगांच्या नव्या जाळ्या, चार बॉल आणि संध्याकाळच्या प्रॅक्टिससाठी दिवे घेतले आहेत. शनिवारी वायरमनला घेऊन येतो. या वेळी नाही म्हणू नका.

आपली नम्र,
तुमच्या जुन्या टीममधल्या एका पॉइंट गार्डची आई