गाऱ्हाणे घाला, पण गोळ्या सोडू नका

महोदय,

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले तेव्हा आम्ही देवाला कौल लावला, गाऱ्हाणे घातले, त्याच्या उशाखाली अंगाऱ्याच्या पुड्या साठत गेल्या आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचायला दीड वर्ष लागले, याची खंत मला आजही आहे. योगासने, घरच्यांचे समुपदेशन आणि हाताला नेमाने काम यांचा औषधांच्या जोडीने उपयोग होतो. आता तो सकाळी आसने आटोपून सुपाऱ्या सोलायला बसतो. मात्र ‘नैसर्गिक उपचारां’च्या भरवशावर मनाने गोळ्या थांबवल्या, तर आजार बहुधा उलटतोच. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. ग्रामपंचायतींनी हा क्रमांक देवळाच्या सभामंडपात ठळक लिहावा, ही कळकळीची विनंती.

– एक भगिनी, गुहागर