उपवासाने रणगाडे थांबतात का?

माननीय संपादक,

पोप लिओ चौदावे यांनी २२ ऑगस्ट २०२५ हा दिवस शांतीसाठी उपवास-प्रार्थनेत घालवण्याची हाक दिली, तेव्हा ओळखीच्या एकाने मला विचारलं, ‘तुम्ही उपाशी राहून रणगाडे थांबवणार का?’ प्रश्न जिव्हारी लागला.

माझं वय ६४. चर्चच्या नियमाप्रमाणे उपवासाचं बंधन १८ ते ५९ वयाच्यांना, म्हणजे मला सूट. तरी धरला, म्हणजे दिवसात एकदाच पोटभर जेवण. संध्याकाळी रोझरीचे (जपमाळेचे) मणी सरकवताना बोटं थरथरत होती. पुढच्या बाकावरच्या चिमुरडीने आईला विचारलं, ‘गाझातली मुलं पण आज एकदाच जेवणार?’ आई गप्पच राहिली. त्या क्षणी माझी भूक मला फार छोटी वाटली.

२०१३ मध्ये सीरियासाठी, २०२२ च्या राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) युक्रेनसाठी आम्ही असेच उपवास केले. युद्धं थांबली नाहीत, मान्य. पण गाझातल्या पवित्र कुटुंब चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना तेव्हाचे पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज फोन करत. जुलै २०२५ मध्ये त्याच चर्चवर मारा होऊन तिघं गेले. युद्धाच्या नकाशांशेजारी अशा माणसांची खबरही आपण नियमित छापावी, ही कळकळीची विनंती. प्रार्थनेत आम्हाला त्यांची नावं घ्यायची असतात.

– एक कॅथलिक वाचक