स्वच्छ प्लाक म्हणजे निर्धोक फेज नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विश्वामित्री नदीच्या पाण्यातून किंवा सांडपाण्यातून फेज, म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू, वेगळे काढणे हा बडोद्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांचा आवडता प्रकल्प. प्लेटवरच्या जिवाणूंच्या थरात फेजने पाडलेले डाग, म्हणजे प्लाक, स्वच्छ दिसले की ‘जिवाणूसंसर्गावर उपचारासाठी योग्य’ असा शेरा मारून वही मिटते. आमचा आक्षेप या शेऱ्यावर आहे.

स्वच्छ प्लाकवरून एवढेच कळते, की फेज जिवाणूत दडून न बसता त्याला फोडतो. पी1 फेजचा ‘व्हिर’ प्रकारही पेशी फोडतोच. तरी एका ई. कोलाय जिवाणूमधली जनुके दुसऱ्यात न्यायला प्रयोगशाळांत तोच वापरतात! नवे फेज तयार होताना एखाद्या फेजच्या डोक्यात, म्हणजे डीएनए ठेवण्याच्या कवचात, चुकून जिवाणूचाच डीएनए भरला जातो, सुमारे 1 लाख बेसजोड्या, म्हणजे जिवाणूच्या संपूर्ण डीएनएच्या जवळजवळ 2 टक्के. अशा कणात फेजची स्वतःची जनुके नसतात. त्यामुळे तो ज्या पेशीत शिरतो ती मरत नाही, उलट आलेला तुकडा गुणसूत्रात जोडून घेऊ शकते. हेच ट्रान्सडक्शन; शास्त्रज्ञ झिंडर आणि लेडरबर्ग यांनी 1952 साली ते साल्मोनेला जिवाणूत दाखवले. त्या तुकड्यात प्रतिजैविकाला दाद न देण्याचे जनुक असले, तर तेही असेच पुढे जाते.

चाचणी अवघड नाही. गुणसूत्रावर कॅनामायसिन या प्रतिजैविकाच्या प्रतिकाराचे जनुक असलेल्या ई. कोलायवर फेज वाढवावा आणि 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घ्यावा. मग त्याच वाणाच्या, पण कॅनामायसिनने मरणाऱ्या जिवाणूंत तो दहा जिवाणूंमागे एक या प्रमाणात मिसळावा. फेज जास्त पडले, तर जनुक मिळालेली पेशीही दुसऱ्या फेजने फुटते आणि उत्तर खोटेच ‘नाही’ येते. अर्ध्या तासाने सोडियम सायट्रेट घालावे. पी1सारख्या, चिकटायला कॅल्शियम लागणाऱ्या फेजचा पुढचा संसर्ग त्याने थांबतो. नंतर तासभर 37 अंशांवर ठेवून मगच कॅनामायसिनच्या प्लेटवर पसरावे; तिथे जिवाणूंची वसाहत उगवली, तर फेजने जनुक नेले. हा तास गाळला, तर प्रतिकाराचे प्रथिन तयार होण्याआधीच पेशी मरतात.

सोबत आणखी दोन प्लेट हव्यातच. एकीवर नुसता गाळलेला द्रव: तिथे वसाहत आली, तर मूळचे जिवाणू निसटले आहेत. दुसरीवर फेज न घातलेले जिवाणू: तिथे आली, तर ते उत्परिवर्तन.

वसाहती शून्य आल्या, तरी ‘जनुके नेत नाही’ असे लिहू नये. पी1मध्येही एखादे ठरावीक जनुक लाखात किंवा दहा लाखांत एखादाच कण नेतो; मग 10 हजार फेज तपासून काय कळणार? किमान 10 कोटी तपासावेत आणि तो आकडा अहवालात लिहावा. बाह्य परीक्षकांनी तोंडी परीक्षेत तो आवर्जून विचारावा, ही विनंती.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे काही शिक्षक, बडोदे