बुडता बुडता वाचलेल्याला थेट घरी नेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यात उन्हाळ्यात विहिरी आणि शेततळी, भाद्रपदात विसर्जनाचे घाट आणि पूर आला की कृष्णा-वारणाकाठची गावं, अशा ठिकाणी बुडणाऱ्याला बाहेर काढण्याचे प्रसंग येतात. माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला की लोक त्याला घरी नेतात, आणि काळजी वाटते ती याचीच. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या एका स्निग्ध थरामुळे उघड्या राहतात. आत गेलेलं थोडंसं पाणीही तो थर निकामी करतं, पिशव्या मिटू लागतात आणि रक्तातला ऑक्सिजन काही तासांनीही घसरू शकतो. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ दिसला तरी सहा ते आठ तास देखरेख हवीच.

पाणी काढण्यासाठी पोट दाबणं, उलटं धरून फिरवणं कृपया थांबवा. त्याने पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत उतरतं आणि पुढच्या न्यूमोनियाची तयारी होते. श्वास थांबला असेल तर तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास हे चक्र चालू ठेवा. दुसऱ्याने 108 ला फोन करावा.

पहिल्या दिवशीचा ताप बऱ्याचदा नुसत्या दाहाचा असतो, त्यामुळे सरसकट अँटिबायोटिक देऊ नये. सांडपाणी मिसळलेलं घाण पाणी असेल तर मात्र डॉक्टर वेगळा विचार करतात. गोड्या पाण्यातला एरोमोनास हा जंतू चोवीस तासांतही रक्तात पसरू शकतो, आणि मेडिकलमधून आणलेल्या अमॉक्सिसिलिनला तो सहसा दाद देत नाही. म्हणून ताप चढत गेला, बेडका पिवळा-हिरवा झाला, धाप वाढली तर बेडक्याचं आणि रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवावं, तेही शक्यतो औषधाचा पहिला डोस देण्याआधी.

चिखलाच्या, पुराच्या पाण्यातून मेलिऑइडोसिस हा जंतुसंसर्गाचा आजार होऊ शकतो. तो तीन आठवड्यांपर्यंत, क्वचित त्याहून उशिराही डोकं वर काढतो आणि मधुमेही, दारूचं व्यसन असलेले यांना अधिक गाठतो. एक्स-रेवर तो क्षयासारखा दिसतो, आणि प्रयोगशाळेतही त्याचा जंतू स्युडोमोनास हा दुसराच साधा जंतू समजला जाण्याचा धोका असतो. उपचार निदान दहा ते चौदा दिवस शिरेतून आणि पुढे तीन महिने गोळ्यांचा. मध्येच गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो.

त्यामुळे डॉक्टरांना पाणी विहिरीचं, शेततळ्याचं की पुराचं, आणि घटना कोणत्या तारखेची, हे न विचारताही सांगा. महिन्याभरात ताप आला तर तेच पुन्हा सांगा.

– अतिदक्षता विभागातील डॉक्टर, मिरज