अर्धी फेरी पुरे

शहापूर, बेळगाव

चि. शुभदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोन अर्धवट राहिला. "बाबा, मी लहान नाही आता," म्हणालीस आणि ठेवलास. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. म्हणून लिहितो. जाऊ नकोस असं मी एकदाही म्हटलं नाही. आइसलँडला जा. आपल्या घरातलं कुणी स्वतः गाडी चालवत गोव्याच्या पुढे गेलेलं नाही. तू जातेयस, हे डेपोतल्या सगळ्या जुन्या माणसांना सांगून झालंय माझं.

माझं म्हणणं तू ठरवलेल्या दिवसांबद्दल आहे, सात दिवसांत गाडीने अख्ख्या बेटाला फेरी. संतोषने मोबाईलवर नकाशा लावून दिलाय, तो रोज बघतो. बेटाभोवतीचा तो एक नंबरचा रस्ता सुमारे १,३०० किलोमीटर. सात दिवसांत रोजचे दोनशेच्या आतच येतात, तुझा हिशेब बरोबर आहे. पण त्यात गाडी थांबवावी लागेल असा एकही दिवस नाही. तिथे नुसत्या वाऱ्यानेही रस्ता बंद करतात. वारा सेकंदाला किती मीटर असा सांगतात, तेव्हा २० दिसलं म्हणून किरकोळ समजू नकोस. ताशी ७२ किलोमीटर झाला तो. गाडीचं दार हातातून सुटून उलटं फिरतं, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात ते नुकसान बहुधा बसत नाही. दार उघडताना दोन्ही हातांनी धर.

दुसरं, ऑक्टोबरचा शेवट कशाला? उजेड जेमतेम आठ-नऊ तास, रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरायला लागलेला, आतल्या डोंगराळ भागातले रस्ते बहुतेक बंद. तुला ते आकाशातले हिरवे उजेड बघायचे आहेत, कळतं मला. ते सप्टेंबरातही दिसतात. तेव्हा दिवस-रात्र जवळजवळ सारखी असते, म्हणजे उजेडात गाडी आणि अंधारात आकाश, दोन्ही जमतं. शेतकरी डोंगरावरची मेंढरं खाली आणतात तेही त्याच दिवसांत. मेंढरं रस्त्यात आली तर हॉर्नवर बसू नकोस, थांब.

आणि रजा सातच दिवसांची असेल तर पूर्ण फेरी सोड. राजधानी रेक्याविकहून दक्षिण किनाऱ्याने वीक गावाला जा, १९० किलोमीटरच्या आत आहे. तिथून पुढे हिमनगांचं ते सरोवर, योकुल्सार्लोन, रेक्याविकपासून सुमारे ३७०. तिथूनच मागे फिर. धबधबे, हिमनदी, काळी वाळू, सगळं या एका बाजूला मिळतं. वीकजवळच्या काळ्या किनाऱ्यावर पाण्याकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे आईने लिहायला सांगितलंय. तिथे लाट न सांगता आत येते, माणसं गेली आहेत.

कणकुंबीची ती रात्र तुला आठवणार नाही, तू दुसरीत होतीस. गोव्याची गाडी, आषाढातला पाऊस, गाडीत लग्नाची मंडळी. चोर्ल्याकडे झाड पडलंय असं कुणीतरी सांगितलं आणि मी गाडी बाजूला लावली. नवऱ्याचा मामा अंगावर धावून आला. कंडक्टरसुद्धा म्हणाला, "सोडा की, बघू पुढे." मी किल्ली खिशात घातली. सकाळी जाऊन पाहिलं तर रस्ता धड होता, झाड कधीच बाजूला केलेलं. मामाने परत शिव्या दिल्या. तरी उद्या तीच वेळ आली तर मी पुन्हा तिथेच थांबेन, शुभदा. तू थांबशील का, एवढंच मला कळत नाही. पुढच्या गावात खोलीचे पैसे भरलेले असले की माणूस थांबत नाही.

आता हे भाषण झालं. राग मानू नकोस. सुट्टीत जांबोटीपर्यंत तू माझ्याबरोबर बॉनेटवर बसून यायचीस, वळण आलं की माझ्याआधी "हॉर्न!" म्हणून ओरडायचीस. कॅम्पात गाडी शिकलीस तेव्हा क्लचवरून पाय काढायला तुला एकदाच सांगावं लागलं होतं. हात तुझे चांगले आहेत. बाळूकाकासुद्धा मान्य करतो, आणि तो कुणाचंच मान्य करत नाही.

तिथे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवतात आणि दिवसाही दिवे लावून ठेवायचे असतात. रात्रभर विमानात बसून उतरल्यावर लगेच स्टिअरिंग धरू नकोस. विमानतळापासून रेक्याविक ५० किलोमीटर आहे, बसने जा, झोप काढ. एकेरी पुलावर जो आधी पोचला तो आधी जातो. रस्ते खात्याचा नकाशा रोज सकाळी बघ, निघण्याआधी आणि जेवल्यावरही. तो रस्ता पूर्ण झाला १९७४ साली, आणि १९९६ मध्ये हिमनदीखाली ज्वालामुखी फुटून असा पूर आला की दक्षिणेकडचा एक पूल पार वाहून गेला. असं वाचलं की मला रात्री झोप लागत नाही. भिववायला लिहीत नाही. बंद लिहिलं असेल तर थांब. वारा असेल तर थांब. पैसे गेले तर मी देतो, पेन्शन कशाला आहे?

जास्तीचे तीन दिवस रजेत मिळतात का ते साहेबांना विचार. मिळाले तर पूर्ण फेरी कर, मी काही बोलणार नाही. तोवर परत न होणारं तिकीट काढू नकोस. आई थालीपिठाची भाजणी दळून आणतेय, किती लागेल ते तिला कळव.

तुझा,
बाबा