क्लोरीन शेवटच्या नळावर मोजा

मा. संपादक यांस,

महोदय,

पावसाळा लागला की आमच्या भागातल्या नगरपंचायती टाक्या धुतात, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या गोण्या आणतात आणि पाणी पिण्यास योग्य असल्याचे जाहीर करतात. टाकीतले पाणी योग्य असेलही. प्रश्न टाकीतून निघाल्यावर त्याचे काय होते हा आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोटी पॅथॉलॉजी लॅब चालवतो. आषाढ-श्रावणात विडाल (टायफॉइडची) आणि बिलिरुबिनच्या (काविळीच्या) तपासण्या वाढतात, यात नवीन काही नाही. पण रजिस्टरमधले पत्ते एकाखाली एक वाचले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. रुग्ण गावभर विखुरलेले नसतात. ते एकाच गल्लीतले, एकाच व्हॉल्व्हवरचे असतात. शेजारच्या गल्लीला दुसऱ्या व्हॉल्व्हवरून पाणी जाते आणि तिथली माणसे ठणठणीत असतात. टाकी दोन्हीकडे तीच. म्हणजे घाण वाटेत मिसळते.

ही वाट कुणीही चालून पाहावी. घरोघरच्या जोडण्यांचे लोखंडी पाइप नालीतून गेलेले आहेत, गंजून पातळ झालेले आहेत. सिमेंटचे रस्ते झाले तेव्हा मुख्य वाहिनी खाली गाडली गेली आणि नवीन जोडण्यांना नालीशिवाय जागा उरली नाही. व्हॉल्व्हच्या खड्ड्यांवर झाकण नाही. पावसाचे पाणी साचते, डुकरे लोळतात. त्यात नळ येतात दोन-तीन दिवसांआड. मधल्या काळात पाइप रिकामा असतो, आत दाब नसतो आणि नालीतले पाणी प्रत्येक फटीतून आत झिरपते. नळ आल्यावर पहिले पिवळट, वासाचे पाणी आपण सोडून देतो आणि मग गुंड भरतो. पण डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असतात. टिल्लू पंपाने तर कहर केला आहे. नळाला थेट पंप लावला की वाहिनीत ओढ निर्माण होते आणि फुटक्या जागी बाहेरची घाणही आत खेचली जाते. पंप लावणारे नागरिकच आहेत, तेव्हा सगळा दोष नगरपंचायतीवर टाकता येत नाही. पण पंप जप्त करायचे अधिकार तिच्याकडेच आहेत आणि निवडणूक जवळ आली की ते वापरले जात नाहीत.

केंद्राच्या पाणीपुरवठा नियमावलीप्रमाणे जलवाहिनी आणि सांडपाणी यांच्यात आडवे 3 मीटर अंतर हवे, आणि नाली ओलांडावीच लागली तर वाहिनी किमान अर्धा मीटर वरून न्यावी. आमच्या गल्ल्यांत 3 मीटर मिळणार नाहीत, हे मान्य. नालीच्या पोटातून पाइप नेऊ नये, एवढे मात्र नक्की जमण्यासारखे आहे.

वाहिन्या बदलायला पैसा आणि वर्षे लागतील. क्लोरीन शेवटच्या नळावर मोजायला काहीच लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) पाण्यात प्रतिलिटर किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन शिल्लक असायला हवे. क्लोरीनला घाण भेटली की ते तिच्यावर खर्च होते. म्हणून टाकीखाली घेतलेली ओटी टेस्ट (पाण्यात थेंब टाकून रंगावरून क्लोरीन पाहण्याची चाचणी) पिवळी आली, यावरून गावाच्या टोकाला काय पोहोचले ते कळत नाही. टोकाच्या नळाचे पाणी नळीत घेऊन थेंब टाकले आणि रंग आलाच नाही, तर वाटेत काहीतरी शिरले आहे किंवा मात्रा कमी पडली आहे. दोन्ही गोष्टी त्याच दिवशी कळतात. मात्रा कमी पडण्याचे कारण बहुधा पावडरच असते. ताज्या पावडरमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असते. तोंड उघडे टाकलेली गोणी दमट खोलीत पडून राहिली की ते उडून जाते आणि नंतर टाकीत जवळपास नुसता चुनाच पडतो.

'साथ आली की नमुना पाठवू' या पद्धतीवर माझा विश्वास नाही, कारण कावीळ उशिरा दिसते. दूषित पाणी प्यायल्यानंतर ती उमटायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. डोळे पिवळे झाल्यावर नमुना पाठवला जातो, तोवर फुटलेली जागा कदाचित दुरुस्तही झालेली असते. अहवाल 'योग्य' येतो आणि विषय संपतो. त्याच महिन्यात एखादी गरोदर बाई आजारी पडली असेल तर तिच्यासाठी विषय संपलेला नसतो. पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ शेवटच्या तिमाहीत झाली तर दर चार-पाच बायांपैकी एकीचा जीव जाऊ शकतो. असे अहवाल हातात देताना माझी जीभ उचलत नाही.

ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांचे वर्षातून दोनदा स्वच्छता सर्वेक्षण होते आणि लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की सरपंचाला गावात तोंड दाखवणे अवघड होते, हा त्याचा मोठा उपयोग. 2014-15 च्या सुमारास तालुक्याची अनेक गावे नगरपंचायती झाली आणि या कार्डांच्या बाहेर पडली. पाणी तेच, पाइप तेच, फक्त विचारणारे कोणी उरले नाही. नगरपंचायतींनाही ही कार्डे लागू करावीत.

शुद्धीकरणाच्या यंत्राइतकीच बाकीची व्यवस्था महत्त्वाची असते, हे मेळघाटाने दाखवले आहे. जुलै 2022 मध्ये पाचडोंगरी आणि कोयलारीत विजेच्या थकीत बिलामुळे नळाचे पाणी बंद पडले, लोक उघड्या विहिरीचे पाणी प्यायले आणि माणसे दगावली.

फवारणीचे दिवस सुरू होत आहेत, म्हणून आणखी एक. कपाशीवर फवारलेले पंप नदीवर, उद्भव विहिरीजवळ (जिथून गावाला पाणी येते तिथे) धुतले जातात. कीटकनाशकावर क्लोरीनचा भरवसा धरता येत नाही. उद्भवाच्या वरच्या अंगाला पंप धुण्यास बंदी करावी आणि त्यासाठी दुसरीकडे, प्रवाहापासून लांब, जागा द्यावी. नुसती बंदी कुणी पाळणार नाही.

मुख्याधिकाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी ज्या भागात नळ येतील, त्या दिवशी त्या भागाच्या शेवटच्या घरी ओटी टेस्ट व्हावी आणि तारीख, वेळ व आकडा चौकातल्या फळ्यावर लिहावा. शून्य आले तरी शून्यच लिहावे. त्या वेळी त्या गल्लीने पाणी उकळून प्यावे, अशी दवंडी लगेच द्यावी आणि व्हॉल्व्हपासून घरापर्यंतचा पाइप त्याच आठवड्यात तपासावा. चाचणी शिकवायला मी आणि माझ्या लॅबमधली मुले विनामूल्य येऊ. नगरपंचायतीने फक्त व्हॉल्व्हमनला तासभर मोकळे करावे.

आपला,
एक लॅब तंत्रज्ञ, यवतमाळ जिल्हा